शिवेपर्यंतचा वाटाड्या

सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून समुद्रापर्यंत सलग पायी जायचं असेल, तर ऑक्टोबर हा तसा गैरसोयीचा महिना. पाऊस गेलेला नसतो, जायला निघालेला असतो. दुपारपर्यंत अंग भाजून काढणारं ऊन, तीनच्या सुमारास पूर्वेकडून ढग, मग विजा. गवत छातीला लागतं. घाटात जळवा अजून असतात. आणि मुख्य म्हणजे चार महिन्यांच्या पावसानं वाट मोडलेली असते. म्हणून समजूतदार लोक डिसेंबर-जानेवारीत जातात. तेव्हा गवत कापलेलं असतं आणि मळलेली वाट आपोआप सापडते. माझं मत जरा उलटं आहे. कोकणातली पायवाट मोडलेली असतानाच बघावी. ती पुन्हा कोण पाडतं, कुठपर्यंत पाडतं आणि कशासाठी, हे तेव्हाच दिसतं.

आमचा बेत असा होता: अणुस्कुरा घाटाची जुनी वाट उतरून येरडवला यायचं, तिथून पाचल, रायपाटण करत राजापूर गाठायचं आणि पुढं सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, ओलांडून आडिवऱ्यावरून कशेळीच्या समुद्रावर. यात आमचं स्वतःचं डोकं काही नाही. राजापूर बंदर चालतं होतं तेव्हा मीठ, सुकी मासळी, नारळ या अंगानं वर कोल्हापूर-पन्हाळ्याकडे जायचे आणि गूळ, मिरची, तंबाखू खाली यायचे. 1660 साली पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन वर गेले होते. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज राजापुरात उतरले आणि वखारीकडून त्याचा हिशेब चुकता करून घेतला. आता अणुस्कुऱ्यात डांबरी रस्ता आहे. जिथून बैलांचे तांडे जायचे तिथून आता गुरं चरायला जातात, तीही पूर्वीपेक्षा थोडी.

आमचा आयोजक याच तालुक्यातला, नोकरीला पुण्यात असलेला तरुण. त्यानं निघण्याआधीच बजावलं होतं की या वाटेला एक वाटाड्या पुरणार नाही, तीन लागतील. आम्हाला वाटलं, हा खर्च वाढवतोय. तर म्हणाला, "सबंध वाट माहीत असलेला माणूसच नाही हो. आजोबांनाही नव्हती माहीत. जो तो आपल्या शिवेपर्यंत."

आमच्यात एकजण बरीच वर्षं अमेरिकेत राहून परत आलेला होता. त्यानं तिथल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलचा एक तुकडा असाच शरदात, गाईडबरोबर चाललेला. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे 3,500 किलोमीटरची ती जंगलवाट. बेंटन मॅकाय नावाच्या माणसानं 1921 साली ती कल्पना मांडली आणि 1937 मध्ये वाट पुरी झाली. झाडांवर, खडकांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. एका पट्ट्यापाशी उभं राहिलं की पुढचा शोधायचा, एवढंच काम. त्याच्या मोबाईलमध्ये लालभडक झालेल्या मेपलचे फोटो होते. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता: एक डबा पांढरा रंग आणून आपण हे का करत नाही? आयोजक नुसता हसला. तेव्हा ते हसणं मला थोडं आगाऊपणाचं वाटलं होतं.

घाटातले आमचे वाटाडे म्हणजे धनगरवाड्यावरचे एक मामा. साठी ओलांडलेले, पायात टायरच्या चपला, कमरेला आकडी, आकडीत कोयती, खांद्यावर घोंगडी. आमच्या सॅकांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण तासाभरानं प्रत्येकजण मनातल्या मनात आपल्या सॅकमधून एकेक वस्तू बाहेर काढत होता.

जुन्या वाटेला फरसबंदी आहे. मोठमोठे दगड, माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी गुळगुळीत झालेले, आणि ऑक्टोबरात त्यावर शेवाळ. मामा त्या दगडांवरून चालतच नव्हते. कडेच्या मातीवरून, कारवीच्या मुळांना पाय टेकत उतरत होते. आम्ही मात्र इतिहासावरून चालायचं म्हणून मधूनच चाललो आणि दोघातिघांनी त्या इतिहासावर बैठक मारली. डाव्या अंगाला कधी दरी, कधी अंजनीची दाट राई. मधूनच वरच्या रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न. शेकरूचं घरटं मामांनी दाखवलं. शेकरू काही आम्हाला भेटलं नाही.

या दिवसांत घाटातल्या वाटा कोळ्यांच्या ताब्यात असतात. ते मोठे रानकोळी, काळ्या-पिवळ्या पायांचे, पंजाएवढे; त्यांची जाळी वाटेच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणलेली, उन्हात सोनेरी दिसणारी. पुढं चालणाऱ्याच्या तोंडाला पहिलं जाळं चिकटतं म्हणून पुढं राहायला कुणी तयार नसतं. मामा पुढं होते, पण एकही जाळं तोडत नव्हते. वाकून खालून जायचे, नाहीतर काठीनं एका बाजूचा धागा उचलून दुसऱ्या फांदीला लावायचे. मला वाटलं भूतदया असेल. विचारलं तर म्हणाले, "जाळं शाबूत हाय म्हंजे रातीत हितनं गवा गेला न्हाई. तोडलं तर उद्या मला कसं कळंल?"

मी तिथं खरंच थांबले. वाटाड्याला वाट माहीत असते एवढीच माझी कल्पना होती. या माणसाला रात्री वाटेवरून काय गेलं नाही, तेही माहीत होतं. आणि ते ज्ञान टिकावं म्हणून तो रोज दहा वेळा कंबरेत वाकत होता.

वाट कोण साफ करतं, असं मी त्यांना उतरताना विचारलं. दसऱ्याच्या आधी त्यांच्या वाड्यावरचे चारदोन जण कोयत्या घेऊन येतात आणि म्हशी जिथपर्यंत चरायला उतरतात तिथपर्यंत झुडपं मारतात. पूर्वी तूप घेऊन पाचलच्या बाजाराला पायी जायचे तेव्हा अगदी खालपर्यंत मारायचे. आता बाजाराला जीप जाते. म्हणजे वाटेची लांबी ठरवणार म्हशी. एका पऱ्यापाशी वाट खरोखरच संपली; अलीकडे कोयतीचे ताजे तिरके घाव, पलीकडे दिंडा, करवंद आणि घाणेरीची भिंत. मामा पाण्यात पाय सोडून दगडावर बसले. पलीकडून येरडवचा एक पोरगा कोयती परजत येईपर्यंत उठले नाहीत. आयोजकानं आग्रह केला, आणखी अर्धा तासच आहे, चला. तर म्हणाले, "पलीकडं त्येंचं रान. मी न्हेलं आन् कुणाचा पाय मोडला तर म्हंतील, ह्यो कोण आमच्या रानातनं माणसं न्हेणारा?" त्या पोरानं मामांच्या पाया पडून तंबाखू घेतली आणि आमचा ताबा घेतला. मामांनी आम्हाला मोजलं, त्यालाही मोजायला लावलं, आकडा जुळला तेव्हा ते माघारी फिरले.

पाचलपर्यंत तो पोरगा आणि पुढं काकी. काकींबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण खरी वाट त्यांनीच दाखवली.

घाट उतरल्यावर जंगल संपतं, मग गावं लागतात, असं नकाशा बघणाऱ्याला वाटतं. तसं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल नावापुरतं आहे. डोंगर हिरवागार दिसतो तो बहुतेक सगळा खाजगी. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस लागलेले नाहीत. हे रान राखलं गेलं ते पुष्कळदा नुसतं वाटणी होत नाही म्हणून. ऐन, किंजळ, कुंभा, हेद, मध्ये एखादा सातवीण. वाटणी झाली आणि पैशाची नड आली की उभं रान ठेकेदाराला तोडीला जातं, मग तिथं काजू लागतो. आम्ही अशा तोडलेल्या पट्ट्यांतून गेलो, किंजळीच्या बुंध्यांना कोंब फुटलेले होते. भातासाठी राब भाजायला दरवर्षी फांद्या उतरवल्या तरी हीच झाडं पुन्हा पालवतात, तो जोर त्यांच्यात असतोच.

तर अशा रानातून वाट न्यायची म्हणजे ती कुणाच्यातरी मालकीतून, गडग्यावरून म्हणजे दगडी कुंपणावरून, गोठ्यामागून, कधी सरळ खळ्यातूनच जाते. काकींची स्वतःची जमीन जेमतेम, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागांत बेणणीला, काजूच्या बिया वेचायला, रातांबे फोडायला गेलेल्या. त्यामुळे कुठला गडगा कुणाचा, कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कुठल्या घरातल्या म्हातारीला न विचारता गेलेलं खपत नाही आणि कुठल्या घरातून विचारलं तर उगाच तास मोडेल, हे सगळं त्यांना तोंडपाठ. प्रत्येक बेड्यापाशी, म्हणजे कुंपणातल्या बांबूच्या फाटकापाशी, त्या थांबायच्या, आडवे बांबू सरकवायच्या, आम्ही सगळे आत आलो की शेवटच्याला म्हणायच्या, "घाल परत. गुरं शिरली तर शिव्या मला खायच्या हत." आमचा अमेरिकावाला मुद्दाम शेवटी राहायला लागला. बेडं घालायचं काम त्याला आवडलं होतं.

पांढऱ्या पट्ट्यांचा विषय त्यानं काकींपाशीही काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झाडावर रंग मारलात तर मालकाला वाटंल तोडीसाठी खूण केली." तोडीला दिलेल्या झाडांवर ठेकेदाराची माणसं रंगानंच खूण करतात, हे आमच्या ध्यानात नव्हतं. त्या दिवशी तो पुन्हा रंगाबद्दल काही बोलला नाही.

त्या टप्प्यात एका गावाची देवराई लागली. वाट तिच्या पोटातून जाते. चपला-बूट काढून हातात घ्यायचे. आत बेहड्याची आणि सुरमाडाची झाडं, माणसाच्या दंडाएवढा गारंबीचा वेल, पायाखाली पानांचा इतका जाड थर की अनवाणी पावलाला बरं वाटलं. देवळापाशी गावकार येऊन थांबले होते. काकींनी निरोप धाडलेला. त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही परगावची लेकरं तुझ्या शिवेतनं चालली हत. त्यांच्या वाटेत काय आडवं असंल, चुकून त्यांचा पाय कुठं पडला असंल, तर ते पोटात घाल आनि त्यांना तुझ्या शिवेपार कर." व्हय म्हाराजा, असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, देव मानणारे आणि न मानणारेही. तिथंही हद्द होतीच. देवाकडे मागितलं तेही शिवेपारपर्यंतचंच, पुढचं पुढच्या देवानं बघायचं. इतकी नेमकी मागणी मी दुसऱ्या कुठल्या प्रार्थनेत ऐकलेली नाही.

मुक्काम काकींच्या खळ्यात पडला, आणि योगायोगानं ती नव्याची पौर्णिमा होती. शहरात आपण कोजागिरीचं दूध आटवून मोकळे होतो. इथं त्या दिवशी नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचं फूल, झेंडू, सगळं आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला, जात्याला, नांगराला. काकींनी एक जुडी आमच्या आयोजकाच्या सॅकलाही बांधली. जेवायला नव्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, तवशाची कोशिंबीर. टेंट लावलेच नाहीत. रात्री सातवीण फुलल्याचा तो जड वास. काहींचं त्यानं डोकं दुखलं. वर्णनं करणारे हे सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चढ चढून गेल्यावर काकीच गोंधळल्या. समोर सिमेंटचे नवेकोरे खांब, ओळीनं, टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तारा अजून ओढायच्या होत्या. शिमग्यात त्या इथून गेल्या होत्या तेव्हा यातलं काही नव्हतं. जमीन विकली गेली, घेणारा बाहेरचा, एवढंच तिथल्या कामगाराला ठाऊक. आयोजकाच्या मोबाईलवर मागच्या वर्षीची रेघ होती आणि ती सरळ त्या खांबांमधून पार जात होती. तारा नसल्यामुळे आम्हीही गेलो. काकी मात्र थांबून खांब मोजत होत्या आणि कामगाराला विचारत होत्या की बेडं कुठं ठेवणार. बेडं काय असतं हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं, तो परप्रांतातला.

राजापुराबद्दल फार लिहीत नाही. अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या संगमावरचं हे गाव पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी घेतं, आणि बंदर गाळानं कधीच मागं पडलं. उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यात सगळ्यांनी पाय शेकले. जवळचं गंगातीर्थ कोरडं होतं. राजापूरची गंगा येते तेव्हा तिथली चौदा कुंडं भरतात, पण ती येते तिच्या मर्जीनं. सबंध प्रवासात जिवाची भीती वाटली ती मुंबई-गोवा महामार्ग ओलांडताना. गव्याच्या रानात नाही वाटली.

पुढचा वाटाड्या विशीतला, बी.एस्सी. करणारा, कातळशिल्पं बघायला येणाऱ्यांना सड्यावर फिरवणारा. इथं जंगल सरतं आणि जांभा दगडाचे सपाट, अफाट सडे सुरू होतात. महसुली कागदावर याला पडीक म्हणतात. सप्टेंबरात इथं निळ्या-पांढऱ्या इवल्या फुलांचे गालिचे असतात, ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं आणि कातळ असा तापतो की बुटाच्या तळव्यातून कळतं. याच पडीक जमिनीवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, मासे, हरणं, माणसं कोरून ठेवली. गुराख्यांना ती ठाऊक होतीच; रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांनी गावोगाव पायपीट करून ती नोंदवली, आणि 2022 साली त्यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. बारसूच्या सड्यावरून जाताना आमचा वाटाड्या जरा गप्प झाला. 2023 च्या एप्रिलात रिफायनरीच्या माती परीक्षणाविरुद्ध गावं याच कातळावर उन्हात झोपली होती. तो म्हणाला, "आमची आजी होती त्यात." पुढं काही विचारायचं धाडस झालं नाही.

देवाचे गोठणे गावात भार्गवरामाच्या देवळावरून चढण चढून वरच्या सड्यावर आलं की एक मनुष्याकृती कोरलेली आहे. तिथं होकायंत्र चुकतं. पोरानं अमेरिकावाल्याकडून त्याचं होकायंत्र मागून घेतलं, आकृतीवर ठेवलं, आणि सुई हलून भलतीकडेच गेली. दोन पावलं बाजूला, पुन्हा जागेवर. दगडातल्या चुंबकीय गुणाचा हा प्रकार. ज्यांनी कोरलं त्यांना हे कळलं होतं का, असा प्रश्न सगळ्यांनी विचारला. पोरगा म्हणाला, "त्यांच्याकडं होकायंत्र कुठं होतं, ताई?" हे उत्तर मला आवडलं, कारण बाकीचे गाईड या जागी काहीतरी गूढ सांगतात.

दुपारी ढग आले तेव्हा त्यानं आम्हाला अक्षरशः पळवलं. सड्यावर माणसापेक्षा उंच काही नसतं, वीज पडायची तर माणसावरच. काठ्या खाली करायला लावल्या, उतारावरच्या एका काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, कोंबलं. वरून पाऊस असा बडवत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मांगर कुणाचा, हे त्याला माहीत होतं; पाऊस थांबल्यावर मालकाला फोन करून सांगितलं की तुमच्या मांगरात बसलो होतो, दार ओढून घेतलंय.

कशेळीच्या सड्यावरचा हत्ती मात्र निवांत बघितला. सुमारे 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले. मग कनकादित्याचं देऊळ. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसऱ्या भोजाचा शके 1113 चा, म्हणजे 1191 सालचा ताम्रपट इथे आहे, हे गाव दान दिल्याचा. घाटावरचा राजा समुद्रकाठचं गाव देतो, म्हणजे येण्याजाण्याची वाट तेव्हाही होतीच. तीही अशीच, या गावच्यांनी त्या गावच्यांकडे सोपवत आलेली असणार, असं मला वाटतं. कुणा एकाच्या डोक्यात ती सबंध असायची गरजच नव्हती. मधला एक दुवा तुटला मात्र, की दोन्ही बाजूंच्या म्हशी आणि माणसं आपापल्या ठिकाणी राहतात आणि वाट मधूनच करवंदात जाते.

समुद्र पाहून झाला. देवळाबाहेर बसून पुढच्या वर्षीचा हिशेब चालला होता: कुणाला किती द्यायचे, मामांच्या गुडघ्याचं काय, त्या खांबांचं काय. आयोजक म्हणत होता वळसा घालू, रस्त्यानं जाऊ. अमेरिकावाला म्हणत होता मालकाला पत्र लिहू, ईमेल पाठवू. तेवढ्यात काकींचा फोन आला. त्या स्वतःच दुसऱ्या दिवशी परत त्या टेकडीवर गेल्या होत्या, मुकादमाला गाठलं होतं, त्याच्याकडून मालकाचा नंबर घेऊन मुंबईला फोन लावला होता. आयोजकानं स्पीकर सुरू केला.

"बोलले मी. माणसांना सोडणार नाय म्हणतो. पण वाडीतली गुरं पानी प्यायला कुठं जायची, इचारलं. तेव्हा बेडं ठेवतो म्हनला, खालच्या कोपऱ्यात, गुरांसाठी. तुम्ही आपले गुरांच्या मागनं या."